जुनी सवय जाते कुठे?



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं. त्यांच्या हाताखाली पाढे म्हटलेली बरीच मंडळी आज समोर बसली आहेत. म्हणून विषय अंकांपासूनच सुरू करतो. बोलायचं मात्र आहे सवयीबद्दल. सवय म्हणजे व्यसन नव्हे, पहाटे उठण्याची शिस्तही नव्हे. आकडा तोंडातून कसा निघतो, गाडीवर पाय कुठे जातो, बटणांवर बोट कसं फिरतं, इतक्या साध्या सवयी. नवी सवय लागली की जुनीचं काय होतं, दोघींची गाठ पडली की माणूस का गोंधळतो, आणि तो गोंधळला की आपण त्याला काय म्हणतो, एवढंच आज बघायचं आहे.

दुसरीचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. बाई अंक सांगतात, ‘पंचवीस’. मुलाच्या कानावर आधी पाच पडतो, मग वीस. ते वहीत आधी ५ काढतं आणि शेजारी २. झाले बावन्न. बाई लाल खूण करतात. त्याच बाकावरचं दुसरं मूल जास्त हुशारी करतं. तेही आधी ५ च काढतं, पण डावीकडे बोटभर जागा सोडून, आणि मग मागे जाऊन त्या जागेत २ बसवतं. उत्तर बरोबर येतं, शाबासकी मिळते. त्याने काय केलं हे कोणी बघत नाही, कारण कागदावर फक्त शेवट दिसतो. हेच मूल उद्या मोबाइलवर आकडा टाकायला बसेल तेव्हा ही युक्ती चालणार नाही. तिथे जागा सोडता येत नाही. दोन आधी, पाच नंतर. मग ‘एकोणतीस’ येतो. त्यात ऐकू येतात एक आणि तीस, लिहायचे असतात दोन आणि नऊ. मोठ्यांना यात काहीच अवघड वाटत नाही, कारण आपल्याला तो शब्द फोडून ऐकायची सवयच उरलेली नाही.

आता आपल्या दुधनीतल्या मुलाचं बघा. अक्कलकोट तालुक्याच्या या टोकाला कितीतरी घरांत बोलणं कानडीत चालतं. रेल्वे इथून सुटली की पुढे लगेच कर्नाटक. घरी आई म्हणते ‘इप्पत्तैदु’, म्हणजे आधी वीस, मग पाच. लिहिण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम एकच. शाळा मराठी असेल तर तेच मूल दहा वाजता वर्गात येतं आणि तिथे क्रम उलटा होतो. कानडीत बावन्नाला म्हणतात ‘ऐवत्तेरडु’, पन्नास आणि दोन. म्हणजे घरी दशक पुढे, शाळेत एकक पुढे. संध्याकाळी ते वडिलांबरोबर मार्केट यार्डात जातं. तिथे पोती मोजताना पहिल्या पोत्याला एक म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. हमालाची मोजणी कानडीत, पट्टी मराठीत, बँकेचा कागद इंग्रजीत. त्यातही मराठीतला लिहिलेला एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठीतला चार इंग्रजी आठसारखा. सात वर्षांचं पोर हे सगळं एका दिवसात सांभाळतं. ते कधीतरी अडखळतं याचं आपल्याला नवल वाटतं. मला नवल वाटतं ते इतक्या कमी वेळा अडखळतं याचं.

हा प्रश्न आपल्याच दाराशी आहे असं नाही. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात. २००९ साली ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांचं अंकलेखन तपासलं गेलं. त्यांच्या चुकांपैकी सुमारे निम्म्या चुका या उलटापालटीतून आलेल्या होत्या. गणित कच्चं होतं म्हणून त्या झाल्या नव्हत्या. बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम जुळत नव्हता, म्हणून झाल्या होत्या. त्याहून बोलका पुरावा चेक भाषेचा आहे. त्या भाषेत पंचवीस दोन्ही तऱ्हेने म्हणता येतं, वीस-पाच असंही आणि पाच-वीस असंही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच मुलांना दोन्ही तऱ्हेने अंक सांगितले. एकक आधी सांगितलं की आकडे उलटे लिहिण्याच्या चुका वाढल्या. मूल तेच, डोकं तेच, गणिताची जाण तीच. कानावर काय आधी पडलं तेवढं बदललं. ‘हा ढ आहे’ असं म्हणण्याआधी प्रत्येक शिक्षकाने हे एकदा आठवावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मेंदूत सवय घडते कशी, ते आता थोडक्यात सांगतो. मेंदूच्या वरच्या सुरकुतलेल्या थराखाली, खोलवर, पेशींचे काही गट आहेत. त्यांना बेसल गँग्लिया म्हणतात. सवयीचं बरंचसं काम तिथे चालतं. अमेरिकेत एमआयटीमध्ये अॅन ग्रेबिएल यांनी उंदरांना एका साध्या वाटेत सोडलं. वाट पुढे जाऊन डावी-उजवी फुटायची. एक आवाज ऐकून कुठे वळायचं ते ठरवायचं आणि टोकाला चॉकलेट मिळायचं. सुरुवातीला या भागातल्या पेशी वाटभर सक्रिय असायच्या. रोजचा सराव झाल्यावर त्या फक्त दोन जागी जोरात बोलू लागल्या, निघताना आणि पोचल्यावर. मधला सगळा प्रवास एक गठ्ठा झाला. १९९९ सालचं हे काम आहे. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आणि वीस जोडत नाही, अख्खा शब्द उचलतो, तो याच गठ्ठे बांधण्याच्या कामामुळे.

२००५ मध्ये त्याच प्रयोगशाळेने पुढचं पाऊल टाकलं. उंदरांना बक्षीस देणं थांबवलं. हळूहळू सवय मोडली, पेशींचा तो ठसाही फिका झाला. पाहणाऱ्याला वाटलं असतं, पुसला गेला. मग बक्षीस पुन्हा सुरू केलं, आणि तोच ठसा परत उभा राहिला. जुनी सवय गेली नव्हती, गप्प बसली होती. आपल्या काळ्या रानात पावसात गाडीवाट मोडते, लोक शेजारून नवी वाट पाडतात, पण वाफसा आला की जुन्या चाकोऱ्या तशाच्या तशा दिसतात. तसंच काहीसं हे आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. मेंदू जुनी सवय सहसा पुसत नाही, तिच्या शेजारी नवी मांडतो. मग कुठली वर येईल हे ठरतं समोर कोण आहे, जागा कुठली आहे, कोणत्या भाषेत विचारलं आणि मनावर ताण किती आहे यावर.

ताणाचं उदाहरण इथल्या जुन्या बुलेटवाल्यांना सांगायला नको. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी असायचा आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी. बाकी जवळजवळ सगळ्या मोटारसायकलींना याच्या उलट. पुढे बुलेटचेही गिअर डावीकडे आले. ज्याने उमेदीची वर्षं जुन्या बुलेटवर काढली, तो नवी गाडी चार-आठ दिवसांत नीट चालवू लागतो. मोकळ्या रस्त्यावर काही अडचण येत नाही. पण अक्कलकोट रोडला अचानक म्हैस आडवी आली, की डावा पाय जुन्या ब्रेकवर जोर देतो, आणि तिथे असतो गिअर. एरवी शहाण्यासारखा चालणारा पाय नेमका धोक्याच्या क्षणी जुन्या गाडीवर जातो. जर्मनीत लार्स श्वाबे आणि ऑलिव्हर वोल्फ यांनी २००९ मध्ये माणसांवर प्रयोग करून दाखवलं, की ताणाखाली माणूस विचारपूर्वक निवडीकडून सवयीकडे झुकतो. पाय बुद्धू झाला असं नाही. विचार करणाऱ्या भागाला उसंत मिळाली नाही, म्हणून सवयीने कारभार हातात घेतला. परीक्षेच्या दिवशी वर्गात नेमकं हेच होतं. रोज ‘पंचवीस’ बरोबर लिहिणारं पोर त्या दिवशी बावन्न लिहून येतं, आणि घरी ऐकून घेतं ते निष्काळजीपणाबद्दल.

अडतीवरच्या मुनीमजींचं बोट बघा. कॅल्क्युलेटरकडे न बघता ते पट्टीचा हिशेब करतात. कॅल्क्युलेटरवर वरच्या ओळीत सात, आठ, नऊ असतात. मोबाइलवर आणि एटीएमवर वरच्या ओळीत एक, दोन, तीन. असं का झालं? बटणांचा टेलिफोन येण्याआधी, १९६० च्या सुमारास, अमेरिकेतल्या बेल लॅब्सने अंकांच्या निरनिराळ्या मांडण्या लोकांना देऊन तपासल्या होत्या. त्यातून आज फोनवर दिसते ती मांडणी निवडली गेली. हिशेबाची यंत्रं आपल्या जुन्या मांडणीवर राहिली. आता ज्याचा पिन डोक्यापेक्षा बोटांत साठला आहे, त्याचं बोट एका मांडणीतून दुसरीत गेलं की चुकतं. साठीच्या माणसाने तीनदा चुकीचा पिन टाकला की मागच्या रांगेतून जो सुस्कारा येतो, तो त्याला दिवसभर पुरतो. ‘वयाने विसरायला लागले’ हा निकाल घरात किती सहज दिला जातो! पुष्कळदा विसरलेलं काहीच नसतं. चाळीस वर्षांची सवय आणि चार महिन्यांची सवय एकाच बोटावर हक्क सांगत असतात.

चुकण्याला मेंदूत काय जागा आहे, तेही बघण्यासारखं आहे. डोळ्यांपुढची दृश्यं एका बाजूला सरकवणारा लोलकाचा चष्मा घालून समोरच्या खुणेवर चेंडू फेकायला सांगितला, तर पहिले काही नेम बाजूला जातात. प्रत्येक चुकीबरोबर हात थोडा सुधारतो आणि दहा-वीस फेकींत नेम बसतो. मग चष्मा काढला, की नेम दुसऱ्या बाजूला चुकतो. थोड्या वेळाने तोही जागेवर येतो. डोक्याच्या मागच्या भागातल्या अनुमस्तिष्काला इजा झालेल्या माणसांत बहुधा हा बदल दिसत नाही. ते चुकत राहतात, आणि चष्मा काढल्यावर मात्र त्यांचा नेम लगेच पूर्वीसारखा लागतो. म्हणजे चष्मा काढल्यानंतरची ती उलटी चूक हीच मेंदू शिकल्याची खूण असते. ज्याचा मेंदू जुळवून घेतो, तोच परतताना अडखळतो.

आपल्या आधीच्या पिढीने हे अडखळणं सबंध देशाबरोबर सोसलं आहे. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. त्या हिशेबासाठी आपले आजोबा-पणजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी म्हणत बसायचे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. हे पाढे रोजच्या बाजारासाठी होते, नुसती घोकंपट्टी नव्हती. शेर-छटाक आणि आणे-पै यांत पाव-अर्धा-पाऊण सतत लागायचा. नवे पैसे आले आणि एका आण्याचे सव्वासहा पैसे झाले. सव्वासहा पैशांचं नाणं कुठून आणायचं? म्हणून एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, पण तीन आण्यांना एकोणीस असा तक्ता काढला. एकेक आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर अठरा पैसे, एकदम घेतल्या तर एकोणीस. जुनी-नवी नाणी काही वर्षं बरोबरच चालली. औटकी पाठ असलेल्या म्हाताऱ्या दुकानदाराची तेव्हा काय तारांबळ उडाली असेल! आणि त्याच्या दुकानात नवा तक्ता पाठ केलेला शाळकरी नातू भराभर हिशेब सांगत असेल. नातू हुशार आणि आजोबा मंद, असं तेव्हाही कोणी म्हटलंच असेल. खरं तर आजोबांच्या डोक्यात दोन्ही हिशेब होते. नातवाच्या डोक्यात एकच.

पुढे १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले. शेर होता ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. पावशेर २३३ ग्रॅमच्या आसपास. आज भाजीवाल्याकडे आपण ‘पावशेर मिरच्या’ मागतो आणि तो अडीचशे ग्रॅम तोलतो. दोघांनाही काही खटकत नाही. तोळा होता ११.६६ ग्रॅमचा, सराफाच्या दुकानात आता तो दहा ग्रॅमचा. चार आण्याचं नाणं ३० जून २०११ नंतर चलनातून गेलं, पण ‘चार आण्याची अक्कल’ अजून चलनात आहे. हातांनी नवं माप स्वीकारलं, तोंडाने जुनं नाव ठेवलं, आणि व्यवहार कुठे अडला नाही. मला यात मेंदूचा मोठा समंजसपणा दिसतो.

आता थोडा वादाचा विषय. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात मोठं वादळ उठलं. एकवीस ते नव्याण्णव हे आकडे ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असे वाचण्याची पद्धत त्यात आली होती. विधानसभेत प्रश्न आले, थट्टा झाली. गणित समितीच्या प्रमुख होत्या मंगला नारळीकर, स्वतः गणितज्ञ. त्यांची भूमिका साधी होती. जोडाक्षरांनी भरलेले, उलट्या क्रमाचे आकडे लहान मुलांना जड जातात, त्यांतली कित्येक मुलं गणिताचीच धास्ती घेतात, आणि दक्षिणेकडच्या भाषांत सरळ क्रम आहेच. २०२३ मध्ये त्या गेल्या. तेव्हाच्या गदारोळात त्यांच्या मुद्द्याला न्याय मिळाला नाही, असं मला वाटतं. अडचण त्यांनी अचूक ओळखली होती. मराठी बुडेल ही भीती निराधार होती.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आकडे शाळेत शिकवले जातात, राहतात मात्र बाजारात, बसमध्ये, आजीच्या तोंडात. नॉर्वेने हे अनुभवलं आहे. तिथेही पूर्वी एकक आधी म्हणायचे. टेलिफोनवर क्रमांक सांगताना आकडे उलटे ऐकले जातात, चुकीचे जोडले जातात, म्हणून तार-टेलिफोन खात्याने आग्रह धरला, आणि १९५१ मध्ये सरकारने शाळांत, रेडिओवर, कचेऱ्यांत दशक आधी म्हणण्याची पद्धत आणली. सत्तर वर्षं उलटून गेली. आजही तिथले कितीतरी लोक जुन्या पद्धतीने आकडे म्हणतात, आणि एकच माणूस दोन्ही वापरतो असंही घडतं. एक अख्खा देश, सरकारचा निर्णय, शाळेची साथ, तरी जुनी सवय शेजारी बसून आहे. महाराष्ट्रात पुस्तकाचं एक पान बदलून ती उठेल अशी अपेक्षा कोणी धरू नये. बदल करायचा तर दोन्ही पद्धती काही पिढ्या एकत्र नांदतील हे धरूनच करावा, आणि त्या काळात मुलांच्या गोंधळाचे गुण कापू नयेत.

दुधनीला मात्र या बाबतीत एक अशी सोय आहे, जी पुण्याच्या शाळेला मिळणार नाही. ‘वीस पाच’ ही नवी पद्धत इथल्या मुलांना कोणी शिकवायला नको. ती त्यांच्या घरात आईच्या भाषेत आहे. फक्त एका भाषेतून दुसरीत यायला वेळ लागतो. एलिझाबेथ स्पेल्की आणि सॅना त्सिव्किन यांनी २००१ मध्ये रशियन आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्या माणसांवर काम केलं. एका भाषेत शिकलेली नेमकी बेरीज दुसऱ्या भाषेत विचारली की ती सावकाश व्हायची. म्हणजे मूल मराठीत बेरीज करताना थांबतं, तेव्हा ते बेरजेपाशीच थांबलेलं असतं असं नाही. ते एका भाषेतून दुसरीत येत असतं. त्याला तेवढा वेळ द्यायचा की छडी दाखवायची, हा प्रश्न आहे.

इथे जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक बसले आहेत, म्हणून स्पष्टच विचारतो. अंकांचं उक्तलेखन घेताना मुलाला आधी ‘इप्पत्तैदु’ म्हणू द्या, लिहू द्या, आणि मग तेच ‘पंचवीस’ म्हणून वाचायला लावा, हे का करता येऊ नये? मराठी शाळेत कानडी आली म्हणून कोणाचं काय बिघडणार आहे? वहीत एका स्तंभात आकडा, शेजारी दोन्ही नावं. उलट्या लिहिलेल्या आकड्यांची नोंद बाकीच्या चुकांपासून वेगळी ठेवा. महिन्याभरात दिसेल की कोणाला दशक-एककच समजलेलं नाही आणि कोण फक्त क्रमात अडकतं आहे. पहिल्याला ठोकळे आणि मण्यांची माळ लागेल. दुसऱ्याला लागेल सराव आणि थोडी सबुरी. आज दोघांनाही तेच लाल पेन मिळतं.

आणि बँकेतल्या मंडळींना एक सांगणं आहे. पेन्शनच्या दिवशी मशिनपुढे थबकलेल्या आजींना ‘पिन आठवतो का?’ असं विचारू नका. त्यांच्याच मोबाइलचं पान उघडून त्यावरच्या अंकांची मांडणी दाखवा, आणि मशिनवर ती तशीच आहे एवढं सांगा. बोटाला ओळखीची जागा सापडली की पुष्कळदा पिन आपोआप येतो. हे करायला दोन मिनिटं लागतात, आणि मागच्या रांगेने ती द्यावीत.